आरओसाहेब, मु. पो. ओट्याच्या वर

प्रति,
श्रीमान आरओसाहेब,
मु. पो. ओट्याच्या वरची भिंत, पुणे.

स. न. वि. वि.

आपली तब्येत ठणठणीत असणारच. दर चार महिन्यांनी आपल्याला तपासायला एक तरुण टाय लावून येतो, पोटातल्या नळकांड्या काढून उजेडात धरतो, ‘मॅडम, बघा किती घाण’ म्हणतो आणि पावती फाडून जातो. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या हे त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही. आपला फिल्टर संपायच्या आधी मात्र फोनवर मेसेजवर मेसेज. एवढी बडदास्त या घरात दुसऱ्या कुणाची नाही, म्हणून पत्रही अहो-जाहो करून लिहिते आहे. खासगीत लिहिता आलं असतं. पण आमच्या इमारतीत ओट्या-ओट्यावर आपला एकेक भाऊबंद लटकलेला आहे. प्रत्येकाला वेगळं पाकीट कुठे करत बसू?

आधी आभार. आपण आला नसतात तर पुणेकर आजवर काय पीत होते हे आम्हाला कधी कळलंच नसतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांत आलं. १८७९ साली खडकवासल्याचं धरण झालं. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं, आणि ज्या गावाच्या पेठांतून नदी वाहिली त्याच गावाला प्यायच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली. तेव्हा लोकांनी नुसतं पाणी मागितलं. ‘त्यातले क्षार तेवढे काढून द्या’ असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. अडाणीच पिढी ती. पाहुणा आला की तांब्या पुढे करून ‘आमच्या पुण्याचं पाणी प्या’ म्हणायची आणि वर त्याचा अभिमान बाळगायची.

आपल्या पायगुणाने हा मागासलेपणा संपला. चिरंजीव हिंजवडीला नोकरीला लागले आणि पहिल्या पगारातून आईला काहीतरी द्यायचं म्हणून त्यांनी आपल्याला ऑनलाइन मागवलं. पूर्वी पहिल्या पगाराची साडी यायची. साडी निदान धुण्यापुरतंच पाणी घेते.

आता मुद्द्याकडे येते. परवा आपल्या त्या टायवाल्याने पेनासारखं यंत्र नळाच्या पाण्यात बुडवलं आणि आकडा दाखवला : ९८. मग आपल्या तोटीखालचं पाणी : १२. ‘बघितलंत मॅडम? ९८चं १२ केलं!’ त्याचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आता पेढे मागतो की काय.

या ९८ला टीडीएस म्हणतात, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट वगैरे मंडळी. सह्याद्रीत पडलेला पाऊस काळ्या कातळावरून वाहत धरणात येतो, जमिनीखाली वर्षानुवर्षं मुरत बसत नाही, म्हणून त्यात क्षार मुळातच बेताचे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००मध्ये, ५००पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरला आहे. दुसरं पाणीच मिळत नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्या असंही त्यात म्हटलं आहे. आमचा नळ १००च्या आत. पाचशेला पास असलेल्या परीक्षेत आपण अठ्ठ्याण्णववाल्याची शिकवणी घेताय, साहेब, आणि फीसुद्धा आपणच ठरवताय.

फी तरी कशात घ्यावी? पाण्यात. आपल्या बगलेतून एक बारीक पांढरी नळी निघते आणि सिंकच्या कडेवरून आत सोडलेली असते. तोटीखाली मी एक लिटर भरेपर्यंत त्या नळीतून साधारण तीन लिटर निघून गेलेले असतात. घरोघरी आपल्या जातीच्या यंत्रांचा हिशेब साधारण हाच. तीन हिस्से सोडणार आणि एक आम्हाला देणार, तोही उपकार केल्यासारखा. बटईने जमीन कसणाऱ्यालासुद्धा याहून बरा वाटा मिळतो.

आणि ज्याला आपण ‘रिजेक्ट’ म्हणता त्या पाण्याचं एकदा बघूच, म्हणून मी पेन्सिल घेऊन बसले. चार लिटर आत गेले ९८ टीडीएसचे. एक लिटर बाहेर आलं १२चं. उरलेल्या तिनांत बाकीचे क्षार वाटून टाका. आकडा येतो सव्वाशेच्या आसपास. सव्वाशे! म्हणजे ‘घाण’ म्हणून आपण जे सिंकमध्ये सोडता ते, निदान क्षारांच्या बाबतीत, आयएस १०५००च्या स्वीकारार्ह मर्यादेच्या जेमतेम पाव हिश्श्याच्या आसपास येतं. वाशिमच्या किंवा लातूरच्या एखाद्या बोअरवेलवाल्याला हे पाणी बाटलीत भरून दिलं तर तो विचारील, कुठल्या कंपनीचं?

आता सोसायटीचा हिशेब. शंभर घरं धरा. घरटी पिण्याला आणि स्वयंपाकाला पंधरा लिटर धरा. हे मी कमीच धरते आहे, कारण आमच्याकडे काही घरांत कुकरमध्ये तळाला घालायचं पाणीही आपल्याच तोटीचं लागतं. पंधराला पंचेचाळीस गेले. शंभर घरांचे रोजचे साडेचार हजार लिटर. दर उन्हाळ्यात आमचे सेक्रेटरी नोटीस बोर्डावर लाल शाईने लिहितात, ‘टँकरचा खर्च वाढल्याने मेंटेनन्समध्ये वाढ’. दहा हजार लिटरचा टँकर. म्हणजे आपण सगळे भाऊबंद मिळून आठवड्याला तीन टँकर सिंकमध्ये ओतता. सेक्रेटरींच्या नोटिशीत मात्र नाव येतं कारवाल्यांचं, गळक्या फ्लशवाल्यांचं आणि तळमजल्यावर अंगण धुणाऱ्या आजींचं. त्या आजींना मीटिंगमध्ये उभं करून बोलले. आपल्याबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही. यालाच वजन म्हणतात.

विजेचाही हिशेब करू. आपण म्हणाल, मी भिंतीवरच्या प्लगमधून घेतो ती किती? चिमूटभर. मान्य. पण आपला पंप दाबतो ते चारही लिटर, आणि त्यातले तीन नळीतून जातात, म्हणजे आपल्या चिमटीतलीही तीन चतुर्थांश वीज पाणी टाकून देण्यात गेली. पुढे गच्चीवरच्या टाकीत चढणारं पाणी. दहाव्या मजल्याच्या उंचीवर सहा हजार लिटर चढवायला आमच्यासारख्या पंपाला युनिटभर वीज पुरते. आपण टाकलेल्या पाण्याचा वाटा दिवसाला पाऊण युनिट. इथपर्यंतही फार नाही. पण हे पाणी गच्चीवर जन्माला येत नाही. ते खडकवासल्याहून जलकेंद्रात येतं, तुरटी घालून निवळतं, गाळलं जातं, क्लोरीन घेतं, टाक्यांमध्ये चढवलं जातं. आणि आपल्या नळीतून उतरलं की ड्रेनेजमधून मैलापाणी प्रकल्पात, जिथे ते पुन्हा उपसायचं, पुन्हा ढवळायचं, पुन्हा शुद्ध करायचं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून हे शुद्ध केलेलं सांडपाणी पंपाने उचलून शेतीसाठी कालव्यात सोडतात. म्हणजे पिण्यायोग्य पाणी आपण आधी सांडपाणी करून देता आणि मग सगळं शहर वीज जाळून ते पुन्हा पाणी करत बसतं. चार धरणांची मिळून क्षमता एकोणतीस टीएमसीच्या आसपास. त्यावर दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत शहर आणि दौंड-इंदापूरचं शिवार एकमेकांवर डोळे वटारतात. आवर्तन कधी सोडायचं, किती सोडायचं यावरून आमदारांचे आवाज चढतात. आपण कधी हजर राहिलात त्या बैठकीला? राहावं एकदा. आपलाही हिस्सा आहे त्या पाण्यात, आणि बहुतेक बागायतदारांपेक्षा आपण जास्त निर्धास्त आहात.

आपला प्रचार कसा चालतो तेही आमच्या क्लब हाउसात एका रविवारी पाहिलं. कंपनीच्या मुलाने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपलं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवल्या, वायर प्लगला लावली आणि बटण दाबलं. नळाचं पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवट, मग तपकिरी. वर फेस आला, तळाला चोथा बसला. आपल्या ग्लासात काही म्हणजे काही हललं नाही. मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, ‘हे रोज तुमच्या मुलांच्या पोटात जातं.’ पहिल्या रांगेतल्या एका आईने तोंडावर हात ठेवला.

ए विंगमधल्या काकू महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. त्या उठल्या. ‘बाळा, जरा थांब हं,’ म्हणाल्या, क्लब हाउसच्या पँट्रीतून चिमूटभर मीठ आणलं, आपल्या स्वच्छ ग्लासात टाकलं आणि चमच्याने ढवळलं. ‘आता लाव बघू तुझं बटण.’ मुलाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग लावलं. आपलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही लवकर तपकिरी झालं. काकूंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं : चोथा पाण्यातला नाही, कांड्यांतला आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिच्यामुळे कांडीतलं लोखंड सुटतं आणि त्याचा गंजाचा गाळ होतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून ते ‘शुद्ध’ दिसतं. मुलगा वायर गुंडाळायला लागला. पण साहेब, आपली पुण्याई थोर. निघताना तिघांनी त्याच्याकडून कार्ड घेतलंच.

त्या पेनाचंही तसंच. ते पाण्यातून वीज किती वाहते हे मोजतं आणि त्यावरून क्षार सांगतं. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, कीटकनाशक आहे की नाही, याचा त्याला गंधही नसतो. पण आकडा दिसतो ना! आकडा दिसला की पुणेकराला पुरावा मिळतो.

आपली खरी करामत तर यापुढे आहे. आधी आपण पाण्यातले क्षार गाळून काढता. मग पाणी बेचव लागतं. मग आपल्याच पोटात ‘मिनरल कार्ट्रिज’ नावाची नळकांडी बसते आणि तीच खनिजं परत घालते. वर तांब्याची आवृत्ती, झिंकची आवृत्ती, अल्कलाइनची आवृत्ती. काही मॉडेलांत ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा एक स्क्रू असतो. तो फिरवला की काय होतं, माहीत आहे? आपल्या पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, न गेलेलं पाणी आपल्या पाण्यात मिसळतं. म्हणजे नळाचं पाणी. आमच्या नळाचं पाणी आम्हालाच, स्क्रू फिरवून, ‘योग्य टीडीएस’ म्हणून. तोच टायवाला तो स्क्रू फिरवताना म्हणाला, ‘मॅडम, थोडी टेस्ट यायला पाहिजे ना.’

आणखी एक बारीकसं. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते ते वाटेत आणि टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून. घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा असं मानक सांगतं. आपल्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून कार्बनच्या फिल्टरने आपण तो आधीच काढून टाकता. राखणदाराला घरी पाठवून पाणी मग सात-आठ लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत पडून. आम्ही आठवडाभर गावी गेलो की त्या टाकीत काय चालतं, हे आपण कधी सांगितलं नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. भिंतीवरच्या माणसावर विश्वास असतो.

आता आपण जीबीएसचं, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचं, नाव काढाल याची मला कल्पना आहे. जानेवारी २०२५मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या भागात रुग्ण वाढले, दूषित पाण्याकडे बोट गेलं, आणि भीती खरी होती. मी ती थट्टेवारी नेणार नाही. पण डॉक्टर तेव्हा काय सांगत होते? पाणी उकळून प्या. आणि महापालिकेने त्या परिसरातल्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले तेव्हा काहींचं पाणीच पिण्याला अयोग्य निघालं. ते प्रकल्प बंद करावे लागले. जंतू मारायला उकळी पुरते, यूव्हीचा दिवा पुरतो, आमच्या आईच्या वेळी मेडिक्लोरचे थेंब पुरत होते. यातल्या कुणालाही एका लिटरसाठी तीन लिटर दक्षिणा लागत नाही.

‘मग ते पाणी वाया का घालवता? बादलीत धरा, फरशी पुसा,’ हे आपल्या बाजूचं शेवटचं वाक्य. दर मार्चमध्ये पुरवण्यांत ते छापून येतं, झाडांना घालायच्या डाळ-तांदळाच्या धुवणाशेजारी. आम्ही केलं. सिंकखाली बादली, तिच्या शेजारी दुसरी, गॅलरीत पिंप. कामाच्या मावशी दुसऱ्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या : ‘ताई, दोन खोल्यांच्या घराला किती वेळा पुसू? तुम्ही सांगा, मी पुसते.’ पंचेचाळीस लिटर. फरशीला एक बादली, तुळशीला तांब्याभर, कोथिंबिरीच्या कुंडीला तांब्याभर. उरलेल्याचं काय, हे पुरवणीत नव्हतं. आधी पाणी बिघडवायचं आणि मग ते जिरवायला फरशा शोधायच्या, याला बचत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या घराण्याबद्दल मात्र मला आदर आहे, खरंच. कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६०च्या सुमारास सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी कामाचा पडदा तयार केला. १९६५मध्ये कोअलिंगा नावाच्या गावात त्याच्यावर खारं पाणी गोडं करणारा पहिला प्रकल्प चालला. खारं पाणी, साहेब. आपला जन्म त्यासाठी आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जा. तिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी माणसं हैराण आहेत. यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड आहे आणि पोरांचे दात पिवळे पडतात, तिथे जा. फार लांब नको तर पुण्याच्याच कडेला, जिथे टॉवर आधी उभे राहिले आणि नळ अजून यायचाय, तिथे बोअरच्या टँकरवर जगणाऱ्यांच्या ओट्यावर जा. तिथे आपले तीन लिटर कुणी मोजणार नाही. पण तिथे पगार कमी, वीज जाणारी आणि मेंब्रेन लवकर बुजणारं. आपल्याला हवी खडकवासल्याची पेन्शन.

राष्ट्रीय हरित लवादानेही हेच सांगितलं होतं. मे २०१९मध्ये त्यांनी पर्यावरण मंत्रालयाला बजावलं की जिथे पाण्याचा टीडीएस ५००च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा, आणि जिथे परवानगी द्याल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. त्यानंतर आपण आमच्या इमारतीत कमी झालात असं काही दिसलं नाही. बी विंगला तर आपली पाण्याखाली निळा प्रकाश पाडणारी नवी आवृत्ती आली.

तेव्हा आता बदलीचा हुकूम. माझी एक मावसबहीण दर्यापूरकडे असते. तिच्या विहिरीचं पाणी आपल्याला आवडेल. शनिवारी प्लंबर येऊन टी-जॉइंट बंद करील. आपली टाकी रिकामी करून, पांढरी नळी गुंडाळून, सगळे सुटे भाग एका पिशवीत घालून ठेवते. मेंब्रेन मागच्याच महिन्यात बदललं आहे, पावती सोबत जोडते. तिथे गेल्यावर ‘९८चं १२’ वगैरे बढाया मारू नका. तिथल्या आकड्याला चार अंक असतात, जरा घाम गाळावा लागेल. इथे आमचं पितळी पातेलं आणि माठ आहे. चिरंजीवांना पटेपर्यंत एक यूव्हीचा छोटा दिवाही ठेवू, तो एका लिटरला एकच लिटर घेतो.

कळावे,
आपली नम्र,
ओट्याची मालकीण

ता. क. : आपल्या कंपनीचा आत्ताच मेसेज आला : जुना आरओ द्या, नवा ‘पाणी वाचवणारा’ आरओ सवलतीत घ्या. मी कळवलं की जागा रिकामी नाही. आपल्या दोन खिळ्यांवर किसणी आणि झारा टांगायचं ठरलं आहे.